दुसरा फ्यूज घालण्याआधी

बाळा, तू स्वतःचं दुकान टाकतोयस हे ताईकडून कळलं. जागा, भाडं, हत्यारं हे सगळं तू बघशील. मला सांगायचंय ते एका कामाबद्दल, कारण गाडीच्या इलेक्ट्रिशियनचं नाव त्याच कामावर होतं नाहीतर जातं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "फ्यूज सारखा उडतोय, जरा मोठा घालून द्या." दोन मिनिटांचं काम असतं, पैसे सुटतात, गिऱ्हाईकही खूश होऊन जातं. असं काम तुझ्या हातून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. कंपनीनं १० अँपिअरचा फ्यूज दिलाय तो पुढची तार किती सोसेल ते बघून दिलाय. तिथं तू ३० चा घातलास की शॉर्ट झाल्यावर फ्यूज तसाच राहतो आणि तार तापते. तिचं प्लास्टिक मऊ पडतं, गुच्छातल्या शेजारच्या तारा तिला चिकटतात आणि एका दोषाचे चार दोष होतात. ही तार गालिच्याखालून, डॅशबोर्डच्या फोमामागून, कधी पेट्रोलच्या पाइपाशेजारून जाते. उभ्या गाड्या पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या काहींची सुरुवात अशा एखाद्या तापलेल्या तारेपासून होते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, फ्यूजच्या पायांना गुंडाळलेली तांब्याची तार, खिळा, हे सगळं त्याच जातीचं. घाटात मध्यरात्री अडकलेला माणूस हात जोडून म्हणाला तरी हे करायचं नाही. पर्याय पुढे सांगतो.

रंग तुला पाठ आहेत, तरी एकदा म्हणून घे: ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. पण रंगावर जाऊ नकोस, डोक्यावरचा आकडा वाच आणि तो फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्याशी ताडून बघ. तुझ्याआधी कुणीतरी मोठा घालून ठेवलेला असतो, असं फार वेळा दिसतं.

थोडा हिशेब यायला हवा. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन मिळून नऊच्या पुढे. २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब पावणेदोन. आता कुणी हौसेनं १०० वॉटचे बल्ब टाकले तर दोघांचे मिळून जवळजवळ १७ अँपिअर होतात, इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं म्हणून त्याहूनही थोडे जास्तच. १५ चा फ्यूज त्यावर लगेच जाईल असं नाही. फ्यूज आपल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त भार बराच वेळ सोसतो. दुप्पट भार आला तर मात्र पाच सेकंदांच्या आत जातोच. म्हणून अशी गाडी रात्री पुणे सोडते तेव्हा ठीक असते आणि साताऱ्याच्या अलीकडे अंधारात जाते. तिथं शॉर्ट शोधत बसू नकोस, बल्बवरचा आकडा वाच.

गेलेला फ्यूज फेकू नकोस

गेलेला फ्यूज उजेडात धरून नीट बघ. आतली पट्टी फुटून प्लास्टिक आतून काळं किंवा चंदेरी झालं असेल तर एका झटक्यात मोठा करंट गेलाय, म्हणजे तार सरळ बॉडीला लागलीय. पट्टी मधोमध वितळून छोटीशी फट पडलीय आणि प्लास्टिक स्वच्छ आहे, तर भार थोडा जास्त होता आणि बराच वेळ होता. तिथं मोटर किंवा वाढीव सामान बघायचं. पट्टी शाबूत आहे पण पायाजवळचं प्लास्टिक पिवळं पडलंय, फुगलंय किंवा वितळलंय, तर भार ठीक आहे आणि सॉकेटचा कॉन्टॅक्ट सैल आहे. अशा ठिकाणी कितीही फ्यूज बदललेस तरी फरक पडणार नाही. सॉकेटमधलं टर्मिनल बदलावं लागतं.

फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या चांगल्या अर्थला लाव, चावी ऑन कर आणि दोन्ही ठिपक्यांना टोक लाव. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर गेलेला. दोन्हीकडे लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, म्हणजे तक्रारच वेगळी आहे.

आधी विचार, मग पक्कड घे

गिऱ्हाइकाला नीट विचारलंस तर अर्धं काम तिथंच होतं. फ्यूज कधी जातो? चावी फिरवताक्षणी? ब्रेक दाबल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर? स्पीड ब्रेकरवर आदळल्यावर? पाऊस पडला की? एसी लावून दहा मिनिटांनी? प्रत्येक उत्तरात जागेचा पत्ता असतो. ब्रेक दाबल्यावर जातो म्हणजे ब्रेक स्विचच्या पुढे, मागच्या दिव्यांपर्यंत. रिव्हर्सला जातो म्हणजे गिअरबॉक्सवरचा स्विच, मागचे दिवे आणि हल्ली रिव्हर्स कॅमेऱ्याचं वायरिंग. आदळल्यावर जातो म्हणजे तार कुठंतरी पत्र्यावर घासतेय. एसी लावल्यावर थोड्या वेळानं जातो म्हणजे काहीतरी गरम होऊन मग बिघडतंय.

त्याहून मोठा प्रश्न असा: "हे सुरू होण्याआधी गाडीत काय काम झालं होतं?" गिऱ्हाईक बहुतेक वेळा म्हणतं, "काही नाही हो." मग तू एकेक नाव घे. सीट कव्हर? खाली फ्लोअरिंग? म्युझिक सिस्टिम? फॉग लॅम्प? सीएनजी किट? डेंटिंग-पेंटिंग? सीटच्या पायाखाली हार्नेस दाबला जातो. फ्लोअरिंगचा एखादा स्क्रू नेमका तारेतून जातो. बंपर काढून परत बसवताना तार पत्रा आणि ब्रॅकेटच्या मध्ये सापडते. आणि बाहेरून बसवलेलं सामान तर मूळ तार सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जोडलेलं असतं. असलं सामान दिसलं की पहिल्यांदा ते पूर्ण सोडव आणि गाडी कंपनीनं दिली तशी करून बघ. मला वाटतं, नव्या गाड्यांच्या फ्यूजच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथंच मिटतात.

मग तो फ्यूज काढून ठेव आणि गाडीतलं काय काय बंद पडतं ते कागदावर लिही. झाकणावर एकच नाव छापलेलं असलं तरी एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी चालतात. तोच तुझा नकाशा.

सिरीज बल्बची युक्ती

माझ्या वस्तादांनी मला दिलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. दोष शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळत बसू नये. २१ वॉटचा एक बल्ब होल्डरसकट घे, त्याला हातभर लांब दोन तारा जोड आणि टोकांना फ्यूजच्या पायांच्या मापाची चपटी टर्मिनल लाव. गेलेल्या दोन फ्यूजचे पाय कापूनसुद्धा हे होतं. फ्यूज काढ आणि त्याच्या जागी हा बल्ब बसव. आता पुढे सरळ शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही. तार तापणार नाही, फ्यूज जळणार नाही आणि दोष आहे तोवर बल्ब पूर्ण पेटलेला राहील. दोष सुटला की बल्ब मंद होईल किंवा विझेल.

एक काळजी घे. पुढे मोठा हेडलाइट किंवा मोटर जोडलेली असेल तर दोष नसतानाही हा बल्ब चांगला पेटतो. म्हणून त्या सर्किटवरचे सगळे बल्ब आणि मोटरी आधी सोडव, कपलर काढून ठेव. तरीही बल्ब पेटतोय म्हणजे तारेतच शॉर्ट आहे. मग बल्ब डोळ्यांसमोर लटकव आणि हार्नेस एका टोकापासून हातानं हलवत जा, वाकव, किंचित ओढ. मधले कपलर एकेक सोडव. ज्या कपलरला बल्ब विझला त्याच्या पलीकडे दोष आहे. ज्या जागी हलवताना बल्ब लुकलुकला तीच जागा. मोठ्या सर्किटला हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब वापर, पण तो सीटवर किंवा डॅशबोर्डवर ठेवू नकोस. मिनिटभरात रेक्झिन जळतं.

मल्टिमीटरनंही होतं, पण ओहम मोजताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी आणि बल्ब काढलेले हवेत. थंड हेडलाइट बल्बचा रोध एका ओहमच्याही खाली असतो. मीटर त्याला शॉर्ट म्हणून 'बीप' करतं आणि पोरं चांगली तार कापून बसतात.

कुठं बघायचं

सेडान गाडी असेल तर डिकीच्या बिजागरीपाशी जा. डिकीच्या झाकणातले दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि कुलूप यांच्या तारा तिथून जातात आणि डिकी उघडली की दरवेळी त्याच दोन बोटं जागेत वाकतात. वरचं रबर खाली सरकव. बाहेरून तारा अखंड दिसतील. मग एकेक तार दोन बोटांत धरून हळूच वाकव. जी थकलीय तिच्या प्लास्टिकवर गोल चीर उघडेल आणि आत तांबं दिसेल. कधी दोन तारांच्या चिरा समोरासमोर येतात आणि एकमेकींना लागतात, कधी एकटीच बिजागरीच्या पत्र्याला लागते. तांबं चकाकतंय तर घासणं ताजं आहे. काळं-हिरवं पडलंय तर तिथं पाणी जातंय आणि नुसती तार जोडून भागणार नाही, पाणी कुठून येतंय तेही शोधावं लागेल. दरवाजा आणि खांबाच्या मधलं रबर हीही तशीच जागा. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकचे फ्यूज जात असतील तर आधी ड्रायव्हरच्या दरवाजाकडे जा, तो सगळ्यात जास्त वेळा उघडतो.

लायटर सॉकेटचा फ्यूज जात असेल तर टॉर्च घेऊन आत बघ. सुटं नाणं, चार्जरच्या टोकाची पडलेली धातूची टोपी, पिन. बॅटरी सोडवून चिमट्यानं काढ.

मागच्या दिव्यात दोन फिलामेंटचा २१/५ चा बल्ब असतो. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात, तो उलटा बसू नये म्हणून. तरी कुणीतरी जोर लावून उलटा बसवतं, किंवा एक फिलामेंटचा बल्ब तिथं घुसवतं. त्याचा एकच ठिपका होल्डरचे दोन्ही कॉन्टॅक्ट जोडतो. मग ब्रेक दाबला की पार्किंगचे आणि डॅशबोर्डचेही दिवे लागतात आणि ब्रेकच्या फ्यूजवर त्या सगळ्यांचा भार येतो. हे लक्षण दिसलं तर वायरिंगला हात लावू नकोस, आधी दोन्ही बल्ब काढून बघ. फिलामेंट तुटून आतल्या आत दुसऱ्याला चिकटलेला बल्बही असाच दगा देतो.

बॉनेटखाली तीन जागा. सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकलेली ऑक्सिजन सेन्सरची तार. बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडनं खाल्लेला हार्नेस. आणि इंजिनाचं फाउंडेशन. फाउंडेशनचं रबर गेलं की गाडी उचलताना इंजिन उसळतं आणि हार्नेस ओढला जातो, पत्र्यावर घासतो. तू तार दुरुस्त करशील आणि महिन्याभरात गाडी परत येईल. म्हणून इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून गिअरला थोडा ताण देऊन बघ, इंजिन किती हलतं ते.

पावसाळा सुरू झाला की उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब असते, कोरडं असतं. लेंड्या, कुरतडलेलं फोम, शेंगांची टरफलं दिसली की गुच्छ पूर्ण उघडून बघ. उंदीर एकच तार खाऊन थांबत नाही.

कोकणातून आलेली गाडी असेल तर फ्यूज बॉक्स मागून उघडून बघ. खाऱ्या दमट हवेनं कपलरमध्ये हिरवं साचतं, ओलावा धरून ठेवतं आणि शेजारच्या दोन पिनांमध्ये वाट तयार करतं.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. अर्थ खराब असला की दिवे मंद होतात, इंडिकेटर वेडेवाकडे चालतात, पण फ्यूज सहसा जात नाही. अर्थचे नट घासत बसलेली पोरं मी पाहिलीत. फ्यूजच्या तक्रारीत तो वेळ फुकट जातो.

मोटरचा फ्यूज

वायरिंग स्वच्छ आहे आणि फ्यूज मिनिटांनी जातोय, तर मोटर धर. ब्लोअरमध्ये पालापाचोळा अडकतो, बुश घासतात, मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. फ्यूज फक्त फुल स्पीडला जात असेल तर ही शक्यता आणखी दाट होते. वायपरची मोटर बहुतेक वेळा चांगली असते, तिची लिंक गंजून घट्ट झालेली असते. लिंक सोडवून हातानं फिरवून बघ, मोटर बदलण्याआधी. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घे. पैसे जातील, पण तार न कापता करंट दिसतो. घेताना विचारून घे, साधा क्लॅम्प फक्त घरचा एसी करंट मोजतो.

एसीच्या कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल मोजायची असेल तर साधारण तीन-चार ओहम मिळायला हवेत. एकाच्या आसपास आले तर कॉइल आतून शॉर्ट आहे. गाडी थंड असताना चांगली मिळाली तरी गरम झाल्यावर पुन्हा मोज. हा दोष उष्णतेतच बाहेर येतो.

जोडायचं कसं

तार मागे कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. काळं तांबं शिसं धरत नाही. तेवढ्याच जाडीची तार घे. हीट श्रिंक स्लीव्ह आधी तारेत ओवून ठेव, मग जोड. डाग देताना रोझिनवालं शिसं वापर, ॲसिडचं फ्लक्स वापरू नकोस, ते नंतर तार खातं. गुच्छात तीन-चार तारा जोडायच्या असतील तर सांधे एका ओळीत आणू नकोस, एक इथं तर दुसरा दोन बोटं पुढे. नाहीतर उद्या एक स्लीव्ह फाटली की दोन सांधे एकमेकांना लागतील. नुसत्या काळ्या टेपवर भिस्त ठेवू नकोस, उन्हानं तिचा चिकटा पातळ होतो आणि ती घसरते. वरून फ्लेक्सिबल पाइप, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि हलू नये अशी क्लिप. ज्या कारणानं तार घासली ते कारण तसंच ठेवून नुसती तार जोडलीस तर काम अर्धंच झालं.

नवीन सामान बसवायचं झालं तर त्याची लाइन थेट बॅटरीवरून घे, रिलेवर चालव आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत त्याचा स्वतंत्र फ्यूज लाव. गाडीच्या फ्यूजवर पाहुणा बसवायचा नाही.

फ्यूजची पाकिटंही पारखून घे. स्वस्तातले काही फ्यूज आकड्याला जातच नाहीत. नवं पाकीट आणलं की त्यातला १० चा एक फ्यूज काढ, ५५ वॉटचे पाच बल्ब पॅरलल जोड, म्हणजे २३ अँपिअरच्या आसपास होतात, आणि जाड तारेनं बॅटरीवर लाव. पाच सेकंदांत गेला पाहिजे. नाही गेला तर ते पाकीट दुकानदाराला परत दे आणि तिथून पुन्हा घेऊ नकोस.

हात कुठं लावायचा नाही तेही ऐक. पिवळे कपलर आणि पिवळी स्लीव्ह म्हणजे एअरबॅग. तिथं टेस्ट लॅम्प नाही, मीटर नाही, सिरीज बल्ब तर नाहीच. नारिंगी जाड केबल म्हणजे हायब्रिड किंवा विजेच्या गाडीचं हाय व्होल्टेज, ते जिवावर बेततं. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. इसीयूच्या लाइनवर सिरीज बल्बचा प्रयोग करू नकोस. अशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला पाठव आणि गिऱ्हाइकाला कारण सांग.

आता घाटात अडकलेल्या त्या माणसाचं. तेवढ्याच आकड्याचा दुसरा फ्यूज एकदाच घाल. तोही गेला तर सर्किट बंद ठेव. म्युझिक, लायटर, पॉवर विंडो नसली तरी गाडी घरी जाते. ज्याच्यावाचून चालतं अशा सर्किटचा त्याच आकड्याचा फ्यूज काढून तात्पुरता गरजेच्या जागी लावता येतो, तेही दोष नसलेल्या सर्किटला.

दुकानातही असं होईल की दिवसभर शोधूनही दोष सापडणार नाही. तेव्हा सापडलाय असं सांगू नकोस. रेडिओचं किंवा लायटरचं सर्किट असेल तर फ्यूज काढून गाडी दे, कागदावर तसं लिहून दे आणि परत बोलाव. ब्रेकलाइट, हेडलाइट किंवा वायपरचं असेल तर गाडी ठेवून घे. गिऱ्हाईक चिडेल, दुसरीकडे नेतो म्हणेल, तरी रात्री ती गाडी तुझ्या दुकानातून रस्त्यावर जाऊ देऊ नकोस. अडलास तर मला फोन कर. मी येईन, दोघं मिळून शोधू.